तीन फुटांचं शिफारसपत्र

कोकणात माणसं देवाला जातात, नातेवाइकांकडे जातात, नाहीतर सुपारीचा भाव करायला जातात. मी गेलो तो एका कागदासाठी. त्यामुळे दिवेआगरचा समुद्र, बोर्लीचा बाजार, जंजिऱ्याचा किल्ला यांच्याबद्दल ज्यांना सविस्तर वाचायचं असेल त्यांची थोडी निराशा होईल. किल्ला मी पाहिला, पण तो आगबोटीच्या कठड्यावर पोट टेकवून, आणि त्या वेळी माझं लक्ष तटबंदीकडे नव्हतं.

कागदाची हकिकत अशी. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मी बी. ई. होऊन दीड वर्ष झालं होतं. मंदीचे दिवस. ज्या कचेऱ्यांत पूर्वी साहेब लोक उमेदवारांची वाट पाहत, तिथे आता उमेदवार शिपायाची वाट पाहत होते. अशात एका खात्याची जाहिरात आली. सहायकाची जागा, पुलांचं काम. अट एकच विचित्र होती: अर्जदाराचं प्रत्यक्ष काम स्वतः पाहिलेल्या अनुभवी इंजिनिअरचं शिफारसपत्र जोडावं. माझ्याजवळ दोन पत्रं होती. एक कॉलेजच्या प्राध्यापकांचं, त्यात मी वर्गात नियमित हजर असे एवढंच म्हटलं होतं. दुसरं आमच्या घरच्या डॉक्टरांचं. माझं चारित्र्य आणि माझी प्लीहा दोन्ही उत्तम असल्याची ग्वाही त्यांनी दिली होती. प्रत्यक्ष काम पाहिलेला मात्र कोणी नव्हता, कारण काम नव्हतं. आणि पत्र नसल्यामुळे काम मिळत नव्हतं.

शेवटी माझ्या मामांना रावसाहेब मोघे आठवले. तीस वर्षं रस्ते-पूल बांधून निवृत्त झालेले हे गृहस्थ बोर्ली पंचतनजवळच्या आपल्या वाडीत राहत होते. मामा म्हणाले की रावसाहेबांच्या पत्राला मुंबईत फार मान आहे, कारण त्यांनी आयुष्यात एक खोटं वाक्य लिहिलेलं नाही. या वाक्याचा दुसरा अर्थ माझ्या तेव्हा ध्यानात आला नाही.

आगबोट आणि नाका

मुंबईहून आगबोटीत बसलो तेव्हा माघातली छान थंड सकाळ होती. अलिबाग मागे पडेपर्यंत मी शेजारच्या प्रवाशांना जहाज पाण्यावर स्थिर का राहतं याचं शास्त्र समजावून देत होतो. काशीदच्या पुढे जहाजाने ते शास्त्र मनावर घेतलं नाही. एका म्हातारीने मला लिंबू दिलं आणि बोलू नकोस म्हणून सांगितलं. ते औषध दोन्ही अर्थांनी गुणकारी ठरलं.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी आगबोट थांबते. किनाऱ्याला लागत नाही. पडाव, म्हणजे लहान होड्या, येतात आणि लाटेने पडाव वर आला की त्यात उडी टाकायची. कधी टाकायची ते खलाशी सांगतो. मी त्याने सांगितल्यावर विचार केला, आणि विचार संपेपर्यंत पडाव खाली गेला होता. दुसऱ्या लाटेला त्याने मला विचार करू दिला नाही, दंडाला धरून घेतलं.

दिघीला जंजिरा संस्थानचा जकात नाका आहे. तिथल्या कारकुनाने माझी वळकटी सोडली, धोतरं झटकली, आणि तो माझ्या टी-स्क्वेअरपाशी येऊन थांबला. नकाशे काढताना वापरतात ती ही लाकडी पट्टी, एका टोकाला आडवी दांडी असलेली. रावसाहेबांनी परीक्षा घेतलीच तर असावी म्हणून मी ती बरोबर घेतली होती. कारकुनाने ती उभी धरली, आडवी धरली, पुन्हा उभी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की ही सरळ रेघा काढायला लागते. त्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं. ‘क्रूस, लाकडी, एक. मालक पाद्री. जकात माफ.’

दुरुस्त करायला गेलो असतो तर जकात लागली असती, म्हणून मी गप्प राहिलो. त्याची फळं बोर्लीला मिळाली. बैलगाडीच्या आधी बातमी तिथे पोचली होती. बोर्लीच्या बाजारात चहाच्या दुकानाशी उतरलो तर दुकानदाराने मला अदबीने वेगळ्या बाकावर बसवलं आणि आमच्या गावात कोणी बाटायला तयार नाही, पण चहा प्या, म्हणाला. मी जानवं बाहेर काढून दाखवलं. त्याने ते नीट पाहिलं आणि हल्लीचे पाद्री फार हुशार झालेत असं शेजारच्याला सांगितलं.

रावसाहेबांच्या ओटीवर

बोर्लीपासून समुद्राच्या बाजूला कोसभर गेलं की सुपारीच्या वाड्या लागतात. आमच्या पुण्यात माणूस पेठ आणि घरनंबर सांगतो. इथे झाड सांगतात. दोन उंडी सोडून तिसऱ्या रामफळापाशी वळा, असं मला सांगितलं होतं. मला उंडीही ओळखता येत नव्हती आणि रामफळही, तेव्हा मी सगळ्याच झाडांपाशी वळलो.

रावसाहेब सत्तरीचे, बारीक, ताठ. अंगात बंडी, खाली पंचा आणि डोक्यावर नोकरीतली जुनी सोला टोपी. ती टोपी ते वाडीत शिंपणं चालू असेपर्यंत घालत, जेवायला बसताना काढत. त्यांनी माझी दोन्ही पत्रं वाचली. डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं आणि हे गृहस्थ माणसं तपासतात की नुसतं लिहितात, असं विचारलं. मग पत्रं घडी करून परत दिली.

“तुझं काम मी पाहिलेलं नाही,” ते म्हणाले. “न पाहिलेलं कसं लिहू?”

मामांनी आपल्याला लिहिलं होतं, असं मी म्हणालो.

“त्यांनी पाहिलंय?”

“नाही.”

“मग त्यांच्याकडूनही घेऊ नकोस.”

माझा चेहरा पाहून त्यांच्या पत्नी, माई, आतून घावन आणि नारळाचा रस घेऊन आल्या. पुण्यात पाहुण्याचं काम झालं नाही तर त्याला पाणी विचारतात. इथे त्याला बसवून खायला घालतात, आणि खाऊन होईपर्यंत नकाराला धार राहत नाही. तिसऱ्या घावनाला रावसाहेबांनी विचारलं की अर्जाची मुदत कधी संपते. पंधरा दिवस होते. ते म्हणाले की वाडी आणि बोर्लीचा रस्ता यांच्यामध्ये एक पऱ्ह्या आहे, म्हणजे आपल्याकडचा ओढा. त्यावरचा साकव गेल्या पावसात वाहून गेला. लोक सुपारीच्या दोन खोडांवरून तारेवरच्या कसरतीसारखे जातात. तू साकव बांध, मी बघतो, आणि बघेन ते लिहितो.

कागदावरचा पूल

त्या दुपारी मी जमिनीवर कागद पसरून पूल काढला. टी-स्क्वेअरचा प्रवास सार्थकी लागला. भार पेलणाऱ्या तिरप्या पोलादी कैच्या, रिवेटांचे बारकावे, बाजूला सावल्या. चारच्या चहाला मी तो रावसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी खूप वेळ पाहिला, रेघा चांगल्या आहेत म्हणाले, आणि लोखंड कुठून येणार ते विचारलं. मुंबईहून आगबोटीने, मी म्हणालो. दिघीहून पुढे? बैलगाडीने.

“बैलगाडी इथपर्यंत कशावरून येणार?”

ती साकवावरून येणार होती.

रावसाहेब हसले नाहीत. आधी जे रोज ओलांडतात त्यांना जाऊन विचार, म्हणाले, आणि टोपी घालून शिंपणं बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पन्नास फुटी टेप आणि वही घेऊन पऱ्ह्याच्या बोर्लीकडच्या काठावर गेलो. समुद्र जवळ असल्यामुळे भरतीला त्यात खारं पाणी चढतं आणि ओहोटीला काळा, गुळगुळीत चिखल उघडा पडतो. पलीकडून भागीबाई आली. ही किनाऱ्यावरची कोळीण रोज मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बोर्लीला जायची. मी तिला टेपचं टोक धरायला दिलं. काठापासून काठापर्यंत अठरा नाही, वीस नाही, बरोबर एकवीस फूट भरले. दोन्ही काठांवर तुळई दीड दीड फूट टेकायला हवी, म्हणजे चोवीस फुटांचं लाकूड. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

मग मी तिला साकव कसा हवा ते विचारलं. मला वाटलं होतं मजबूत हवा म्हणेल. ती टोपली खाली न ठेवता उभी राहिली आणि तिने मला पाच मिनिटांत जे सांगितलं ते कॉलेजात चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. कठडा एकाच बाजूला हवा. “येक हात टोपलीला, येक हात कठड्याला,” ती म्हणाली. “दोनी बाजूला कठडा केलास त समोरून येनारी सरकंल कुठं?” शिवाय फळ्यांमध्ये बोटभर फट हवी, टोपलीतलं पाणी खाली जायला, नाहीतर शेवाळ धरतं. आणि पावसाचं पाणी कुठवर चढतं ते तिने एका उंडीच्या बुंध्यावर हाताने दाखवलं. ते माझ्या छातीपर्यंत होतं. माझ्या कागदावरचा पूल पहिल्याच श्रावणात गेला असता.

तिच्याकडून टेपचं टोक घ्यायला मी सुपारीच्या खोडांवरून न जाता सरळ खालून निघालो. चिखल घोटाभर असेल असा माझा अंदाज होता. भागीबाई काहीतरी म्हणत होती, पण मला अंदाजाची खात्री होती. कमरेपर्यंत गेल्यावर मी थांबलो. तिने टोपली शेवटी खाली ठेवली, पदर खोचला, सुपारीचं खोड माझ्याकडे सरकवलं आणि मला मुळा उपटावा तसा उपटला. माझी एक वहाण अजून तिथेच आहे. टेप दगडात अडकून पहिल्या तीन फुटांशी तुटला. मी घरी गेल्यावर वहीत लिहून ठेवलं: टेप तीनपासून सुरू होतो, मापात तीन फूट मिळवावेत. हे खाली दोन रेघा मारून लिहून ठेवल्याबद्दल मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, ते मुद्दाम सांगतो.

माईंनी मला विहिरीवर तीनदा धुतलं आणि रावसाहेबांचं जुनं धोतर दिलं. जेवायला वालाचं बिरडं होतं. त्या दिवसापासून गावात मला कोणी पाद्री म्हणालं नाही.

डोलकाठी

लाकडाचा प्रश्न धर्मा सुताराने सोडवला. धर्मा पन्नाशीचा, कमी बोलणारा, कानावर पेन्सिल ठेवलेला. त्याने सांगितलं की खाडीच्या कडेला हसनमियाँचं गलबत पडून आहे आणि त्याची डोलकाठी मलबारी सागाची आहे. ती मधोमध उभी चिरली तर दोन तुळया निघतील आणि वर फळ्या ठोकल्या की झालं.

हसनमियाँ या गलबताचे तांडेल होते. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी मुंबईपासून मलबारापर्यंत कौलं, नारळ, मीठ वाहिलं होतं. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता, मुलगा मुंबईत गोदीत कामाला होता, आणि गलबत चिखलात एका कुशीवर कललेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते त्याच्या सावलीत बसून जाळं विणत होते. मी साकवाचं सांगितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. उठून डोलकाठीवर हात ठेवला, आणि वाऱ्यात ती कशी बोलायची ते सांगितलं. मग म्हणाले, घेऊन जा, लोक पाय ठेवून जातील, चांगलं काम आहे. फक्त कापताना मला बोलवा. शुक्रवारी नमाज झाली की मी येतो. नक्की बोलावतो, मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी धर्मा दोन माणसं घेऊन आला. दुपारनंतर त्याला बोर्लीला एका घराच्या दारांचं काम होतं. नमाजेपर्यंत थांबायचं तर दिवस जाणार होता आणि माझी मुदत जवळ येत होती. मी विचार केला की म्हाताऱ्याला आयतं कापलेलंच दाखवू, त्याला बरं वाटेल. हा विचार मी केला, दुसऱ्या कोणी नाही.

डोलकाठी उतरवली. ती साडेसव्वीस फूट होती, बुडाशी थोडी कुजलेली. मी टेप लावला, चोवीसवर खडूने खूण केली. धर्माने खुणेकडे पाहिलं, मग हाताने वितीवितीने लाकूड मोजलं.

“साहेब, येवढीच?” त्याने विचारलं.

एवढीच, मी म्हणालो.

त्याने करवत लावली, काढली. “न्हाय, मी आपला इच्यारतोय. येवढीच व्हय ना?”

“मोजलंय,” मी म्हणालो.

या शब्दानंतर कोणी काही विचारत नाही. करवत चालू झाली.

आठ माणसांनी खांद्यावर घेऊन ती पऱ्ह्यावर आणली आणि दोरांनी पलीकडच्या काठाकडे सोडली. ती अतिशय बरोबर बसली. दोन्ही काठांना अलगद घासत, एक इंचही इकडेतिकडे न होता, ती सरळ खाली पाण्यात जाऊन बसली.

कोणी हसलं नाही, तेच जास्त वाईट होतं. मी वही काढली. ‘मापात तीन फूट मिळवावेत’ तिथेच होतं, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

रावसाहेब टोपी घालून काठावर आले. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. चूक कशी झाली हे त्यांनी विचारलं नाही.

“हसनमियाँना कोण सांगणार?” त्यांनी विचारलं.

धर्मा म्हणाला, मी सांगतो, करवत माझी होती. तो हे मनापासून म्हणाला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी हो म्हणायच्या बेतात होतो हेही खरं आहे. पण धर्माने दोनदा विचारलं होतं, आणि ते त्याच्या दोन्ही माणसांनी ऐकलं होतं. मी म्हणालो, मीच जातो.

हसनमियाँचा मोहल्ला अर्ध्या कोसावर होता. वाटेत मी भाषण जुळवलं. पहिल्या मसुद्यात लाकूड सुकल्यावर आकसतं असं होतं. तीन फूट आकसणारं लाकूड मला आठवेना, म्हणून तो सोडला. दुसऱ्यात चिखलाचा उल्लेख फार होता. तिसरा इंग्रजीत सुचला आणि फार चांगला होता, पण ऐकणारा कोण ते आठवलं.

हसनमियाँ नमाजेसाठी पांढरा सदरा घालून ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी आत हाक मारून शहाळं आणायला सांगितलं. ब्राह्मण पाहुण्याला मुसलमानाच्या घरचं शहाळं चालतं, त्याला कोणाचा हात लागलेला नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. मला इतकी लाज वाटत होती की मी म्हणालो, चहाच द्या. चहा आला, आल्याचा. तो मी हातात धरून बसलो आणि भाषणातलं एकही वाक्य न बोलता सांगितलं की डोलकाठी तुमच्या माघारी कापली आणि तीन फूट आखूड कापली. टेप तुटलेला होता, मला माहीत होतं, मी विसरलो. धर्मा दोनदा म्हणाला, मी ऐकलं नाही.

त्यांनी विचारलं की कमी पडते म्हणजे दोन्हीकडून मिळून तीन? हो, मी म्हणालो.

“लाकडाचं बघू,” ते म्हणाले. “लाकूड समुद्रातही तुटतं. पण मला बोलवायचं होतं, बाबा. मी सांगितलं होतं.”

एवढंच बोलून ते काठी घेऊन मशिदीकडे गेले. मी तीन फुटांची क्षमा मागायला गेलो होतो, आणि ते तीन फूट त्यांच्या मनात फारसे नव्हतेच. चहा थंड झाला होता. मी तो संपवला.

घरी माईंनी चहा घेतलास का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो आणि पुढचं ऐकायची तयारी केली. त्या म्हणाल्या, “आल्याचा असतो म्हणे त्यांच्यात.” दुसऱ्या दिवशी आमच्या चहात आलं होतं.

साकव

दुपारी मी पऱ्ह्याच्या काठावर एकटा बसलो आणि पहिल्यांदाच कागदाऐवजी पऱ्ह्याकडे पाहिलं. लाकूड लांब करता येत नव्हतं, तेव्हा काठच एकमेकांच्या जवळ आणायला हवे होते. पण खालून भिंत पुढे घेतली तर पाण्याची वाट अरुंद होईल आणि भागीबाईने दाखवलेलं पावसाचं पाणी सगळं उचलून नेईल. मग काठाशी रचायच्या चिऱ्यांचे खालचे थर जागच्या जागी ठेवून वरचे तीन थर सहा सहा इंच पुढे काढायचे, आणि प्रत्येक चिऱ्याची शेपटी मागे मातीत लांब ठेवून वर दगड भरायचे. दोन्हीकडून दीड दीड फूट. मी हिशेब तीनदा केला. मग धर्माला बोलावून चिखलात काटकीने काढून दाखवला आणि त्यात काय चुकतंय ते विचारलं. त्याने खूप वेळ पाहिलं. शेपटी आणखी हातभर लांब ठेव, म्हणाला. मी ठेवली. बोर्लीतल्या दारांच्या मालकाला त्याने चार दिवस थांबायला सांगितलं.

रावसाहेबांनी आकृती पाहिली आणि शेपटीचं माप कोणाचं म्हणून विचारलं. धर्माचं, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

जांभ्या दगडाचे चिरे गावाने वाहिले. शनिवार, रविवार थर चढले. सोमवारी डोलकाठी उभी चिरायची होती, तेव्हा मी सकाळीच मोहल्ल्यात गेलो आणि हसनमियाँना म्हणालो की तुम्ही आल्याशिवाय करवत लागणार नाही. ते आले. बुडाशी बसले, लाकडावर हात ठेवला आणि पहिला हात करवतीला त्यांनीच लावला. आतलं लाकूड मधासारखं निघालं. त्यांना ते नीट दिसत नव्हतं, म्हणून धर्माने भुसा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी वास घेतला.

बुधवारी फळ्या ठोकल्या, बोटभर फटी ठेवून. कठडा एकाच बाजूला. मी उद्घाटनाचे दोन शब्द बोलणार होतो, पण रावसाहेब म्हणाले की आमच्या वेळी बांधणारा खाली उभा राहत असे. म्हणून मी पुन्हा त्याच चिखलात गेलो, या वेळी धर्माने टाकलेल्या फळीवर. वरून भागीबाई आणि तिच्या शेजारणी टोपल्या घेऊन निघाल्या, समोरून गावातली माणसं. मध्यावर सगळी थांबली आणि एकमेकांना वाट करून दिली. लाकूड करकरलं, चिरे हलले नाहीत. फटींतून मासळीचं पाणी खाली येत होतं. फटी कशासाठी हव्यात हे मला आता सविस्तर कळलं.

कागद

गुरुवारी सकाळी रावसाहेबांनी पत्र दिलं. उघडंच दिलं, वाच म्हणाले. ते इंग्रजीत होतं. मराठीत त्याचा आशय असा:

‘या तरुणाला मी दहा दिवस ओळखतो. तेवढ्या काळात तो खोली न विचारता एकदा चिखलात उतरला. तुटलेल्या टेपने माप घेऊन त्याने दुसऱ्याचं मौल्यवान लाकूड तीन फूट आखूड कापलं. सुताराने दोनदा विचारलं असता ऐकलं नाही, आणि मालकाला बोलावण्याचं वचन पाळलं नाही. हे सर्व त्याने मालकाला त्याच दिवशी, जेवणापूर्वी, स्वतः जाऊन सांगितलं. त्यानंतर त्याने काढलेला उपाय योग्य होता व काम पुरं झालं आहे. उपायात सुताराचा वाटा त्याने न विचारता सांगितला असता तर बरं झालं असतं, विचारल्यावर सांगितला. रेखाटन चांगलं. अक्षर वाईट. समुद्रप्रवासाच्या कामावर पाठवू नये.’

मी आभार मानले. माईंनी आमसुलं, सुपारी आणि घावन बांधून दिले. परतीच्या आगबोटीत मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि एकदा ते हातातून वाऱ्याने उडून जावं म्हणून कठड्याबाहेर धरलं. वारा पडलेला होता.

पुण्याला वडिलांनी वाचलं. ते शाळामास्तर. अक्षराबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, म्हणाले. दोन दिवस मी अर्ज पाकिटात घालून ठेवला, पत्र बाहेर ठेवलं. मग विचार केला की हे काढलं तर माझ्याकडे माझी प्लीहा तेवढी उरते. पत्र आत घातलं आणि पाकीट चिकटवलं.

मुलाखतीला मुंबईला बोलावणं आलं. टेबलापलीकडे तिघे होते. मधल्या साहेबाने पत्र वाचलं, डावीकडे दिलं, मग उजवीकडे. उजवीकडचे वयस्कर अधिकारी मराठी होते. त्यांनी चष्मा वर केला.

“डोलकाठी किती लांब होती?”

“साडेसव्वीस फूट.”

“आणि आता?”

“एकवीस.”

सुतार विचारत होता तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणालात, हे त्यांनी विचारलं. मी ‘मोजलंय’ म्हणालो होतो, ते सांगितलं. ते शेजारच्या साहेबाकडे वळून इंग्रजीत म्हणाले की बाकीच्या सात अर्जदारांनी अजून एकही चूक केलेली नाही, निदान त्यांच्या पत्रांवरून तरी, आणि ती आपल्या खात्यात येऊन होण्याची वाट पाहायची का. साहेब हसला नाही, पण त्याने पत्रावर पेन्सिलने खूण केली.

गेल्या आठवड्यात नेमणुकीचा हुकूम आला. पुलांच्या आखणीची जागा मला मिळाली नाही. दुसऱ्यांनी घेतलेली मापं जागेवर जाऊन तपासायची, असं काम आहे. मी त्याच दिवशी रावसाहेबांना कळवलं. त्यांचं कार्ड परवा आलं:

‘हुकूम मिळाला हे वाचलं. साकव उभा आहे. पण पाऊस अजून व्हायचा आहे, म्हणून अभिनंदन श्रावणात कळवीन. माईचे आशीर्वाद मात्र आत्ताच घे. त्यांना पाऊस लागत नाही.’